झिरकपूरचा शरद : डोंगर आणि मैदान यांच्या वेशीवर

आपल्याकडे घटस्थापना होते तेव्हा पाऊस अजून पुरता गेलेला नसतो. २७ सप्टेंबरच्या सुमारास सूर्य हस्त नक्षत्रात शिरतो आणि देशावरचा शेतकरी हस्ताच्या पावसाकडे डोळे लावून बसतो, कारण रब्बीच्या ज्वारीसाठी लागणारी ओल त्याच पावसाने जमिनीत उतरायची असते. मुंबईतून मोसमी पाऊस परत फिरण्याची सरासरी तारीख हवामान खात्याने ८ ऑक्टोबर अशी धरली आहे. नेमक्या याच सुमारास दूर उत्तरेत, शिवालिकच्या डोंगररांगांच्या पायथ्याशी वसलेल्या झिरकपुरात मात्र पावसाळ्याची आवराआवर होऊन गेलेली असते. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तेथील आकाश निवळते, वाऱ्याची दिशा पालटते आणि वर्षातील सर्वांत सुखाचे असे पाच-सहा आठवडे सुरू होतात.

या दिवसांत त्या बाजूच्या वृत्तपत्रांत आणि आकाशवाणीच्या बातम्यांत ‘पहाड आणि मैदान’ यांच्या हवामानाचा अंदाज रोज दिला जातो. वरवर पाहता त्यात थोड्याच ओळी असतात. डोंगराळ भागात एक-दोन ठिकाणी हलका पाऊस, उंच शिखरांवर बर्फ, मैदानी भागात हवा कोरडी, पहाटे धुके. परंतु या ओळींवर कुणाचे पीक, कुणाचा प्रवास, कुणाच्या घरचे लग्न, तर कुणाचा श्वास अवलंबून असतो. त्या कशा वाचाव्यात हे समजून घ्यायचे असेल, तर झिरकपुरासारखे दुसरे ठिकाण सापडणे कठीण. म्हणून आज आपणांस तेथे नेण्याचे योजिले आहे.

चार वाटांचे गाव

झिरकपूर हे पंजाब राज्याच्या मोहाली जिल्ह्यातील गाव. चंदीगडच्या आग्नेय अंगाला ते इतके चिकटून वाढले आहे की शहर कोठे संपले आणि गाव कोठे सुरू झाले हे नवख्याला कळत नाही. येथे चार वाटा एकत्र येतात. एक दिल्लीहून अंबाल्यामार्गे येते, दुसरी पतियाळ्याकडून, तिसरी चंदीगडमधून. आणि चौथी पंचकुला, पिंजोर, कालका करीत थेट शिमल्याच्या घाटात चढते. गावाच्या एका बाजूला पंजाब, दुसऱ्या बाजूला हरियाणा, तिसऱ्या बाजूला चंदीगडचा केंद्रशासित प्रदेश. आणि तास-दीड तास मोटार हाकली की हिमाचल प्रदेशाची हद्द लागते. चार सरकारांच्या सीमा इतक्या जवळ असल्या, तरी ढगाला त्यांपैकी एकही ठाऊक नसते.

काही दशकांपूर्वी येथे मळे आणि छोटी खेडी होती. बलटाणा, ढकोली, भबात, लोहगड ही नावे आता वस्त्यांची म्हणून उरली आहेत, आणि त्या वस्त्यांतून उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. महामार्गाच्या दुतर्फा मोठमोठी विवाहस्थळे आहेत. तिकडे त्यांना ‘मॅरेज पॅलेस’ म्हणतात. गावाजवळच घग्गर नदीच्या काठी छतबीरचे प्राणिसंग्रहालय आहे. ते १९७७ साली सुरू झाले.

पाऊस धुऊन गेल्यावरच्या एखाद्या स्वच्छ सकाळी येथल्या कुठल्याही गच्चीवर चढून आपण ईशान्येकडे तोंड केले, तर प्रथम शिवालिकची ठेंगणी, झुडपांनी भरलेली रांग दिसते. तिच्या मागे कसौलीचा उंच निळसर डोंगर उभा असतो. रात्री त्याच डोंगरावर दिव्यांची माळ लुकलुकते. पाठ फिरवून नैर्ऋत्येकडे पाहावे, तर भाताच्या पिवळ्या पडत चाललेल्या शेतांपलीकडे क्षितिजापर्यंत एकही उंचवटा नाही. सातवीण फुललेली असते आणि तिचा उग्र गोड वास संध्याकाळी रस्त्यारस्त्यांवर भरून राहतो. पुण्यामुंबईच्या वाचकाला हा वास परका वाटणार नाही. नदीच्या पात्रात काशाचे पांढरे तुरे डोलत असतात. शरद आला, हे सांगायला तेथे पंचांग उघडावे लागत नाही.

‘पहाड’ आणि ‘मैदान’

या हवामानवृत्तांचे मराठीत भाषांतर करू गेले की पहिल्याच ओळीला अडखळायला होते. ‘मैदानी इलाका’ हा तिकडचा रोजचा शब्द. पण मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे ‘मैदान’ म्हटले की शाळेचे क्रीडांगण किंवा शिवाजी पार्क उभे राहते. आपल्या भूगोलात कोकण आहे, घाटमाथा आहे, मावळ आहे आणि देश आहे. हा देशसुद्धा समुद्रसपाटीपासून पाच-सहाशे मीटर उंचावरचे पठार आहे. हजार मैल पसरलेली, नद्यांच्या गाळाने घडलेली सपाटी आपण पाहिलेली नसते. तीच गोष्ट ‘पहाडा’ची. सह्याद्रीचे सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. कसौलीचे छोटे लष्करी गावच त्याहून उंचावर, सुमारे १,९०० मीटरांवर वसले आहे आणि हिमालयाच्या हिशेबात ते पायथ्याचेच ठिकाण ठरते.

म्हणून ‘पहाड’ म्हणजे ‘डोंगर’ आणि ‘मैदान’ म्हणजे ‘सपाट प्रदेश’ एवढे लिहून काम भागत नाही. मराठी वाचकाला जवळचे उदाहरण घाट आणि देश यांचे. महाबळेश्वरला कोसळलेला पाऊस कृष्णेतून सांगलीला पूर आणतो, हे आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. घाटमाथ्याचा अंदाज ऐकून कृष्णाकाठची माणसे सामान माळ्यावर चढवितात. झिरकपूर आणि शिमला यांचे नाते असेच आहे. फक्त त्याची उंची अधिक आहे आणि देवघेव दोन्ही बाजूंनी चालते.

सिमला ऑफिसची गोष्ट

या दूरच्या प्रदेशाच्या हवामानाशी मराठी मुलखाचा एक जुना ऋणानुबंध आहे. पुण्यात शिवाजीनगरला मनोऱ्याची एक भव्य दगडी इमारत आहे. तिला आजही लोक ‘सिमला ऑफिस’ म्हणतात आणि तेथल्या चौकालाही तेच नाव पडले आहे. रोज त्या चौकातून जाणाऱ्या पुष्कळांना हे नाव कोठून आले याची कल्पना नसते.

भारतीय हवामान खाते १८७५ साली कलकत्त्यात स्थापन झाले. १९०५ साली त्याचे मुख्यालय शिमल्याला गेले, आणि १९२८ साली ते शिमल्याहून पुण्याला आले. कचेरी आली तशी तिच्याबरोबर तिच्या जुन्या गावाची खूणही आली. पुढे १९४४ साली मुख्यालय दिल्लीला हलले, पण पुण्याचे काम थांबले नाही. सबंध देशासाठी महिन्याचा आणि ऋतूचा जो दीर्घ मुदतीचा अंदाज तयार होतो, त्याचे काम आजही पुण्यातील कार्यालयात चालते. सप्टेंबर संपताना ऑक्टोबर ते डिसेंबर या तिमाहीचा अंदाज प्रसिद्ध होतो. त्यात हिमाचल आणि पंजाब यांच्याविषयी जे म्हटलेले असते, त्याची बरीचशी गणिते मुठेच्या काठी झालेली असतात.

या शास्त्राच्या आरंभीही हिमालयच होता. खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी १८८४ साली असा विचार मांडला की हिवाळ्यात आणि वसंतात हिमालयावर बर्फ जास्त पडले, तर पुढचा मोसमी पाऊस उणावण्याचा संभव असतो. शिमल्याच्या कचेरीत १९०४ ते १९२४ पर्यंत प्रमुख असलेल्या गिल्बर्ट वॉकर यांनी जगभरच्या नोंदी जुळवून पाहिल्या. प्रशांत महासागराच्या एका टोकाला हवेचा दाब वाढला की दुसऱ्या टोकाकडे तो उतरतो, हा झोका त्यांनी ओळखला. आज एल निनो आणि ला निना ही नावे शेतकऱ्याच्याही तोंडी आहेत. त्यांच्या अभ्यासाचा एक मोठा धागा शिमल्याच्या त्या थंड कचेरीत विणला गेला.

उंचीचा हिशेब

आता प्रत्यक्ष ऋतूकडे वळू. झिरकपूर समुद्रसपाटीपासून तीनशेहून थोड्या अधिक मीटरांवर आहे, तर शिमला सुमारे २,२०० मीटरांवर. हवेत वर चढत गेले की सरासरीने दर हजार मीटरांना साडेसहा अंशांनी तापमान उतरते. दोन्ही ठिकाणांतील फरक एकोणीसशे मीटरांचा, म्हणजे सुमारे बारा अंशांचा. ऑक्टोबरात झिरकपुराकडे दुपारचे तापमान ३१-३२ अंश असते तेव्हा शिमल्यात ते २० अंशांच्या आसपास राहते. गणित बरोबर जुळते. सकाळी सुती सदऱ्यात झिरकपूर सोडलेला प्रवासी चार तासांनी शिमल्यात लोकरीचा बंडी शोधू लागतो, तो याच हिशेबामुळे.

परंतु रात्री हा हिशेब बिघडतो, आणि शरदाची खरी गंमत तेथेच आहे. आकाश निरभ्र झाले की जमिनीतील उष्णता रात्रभर वर निघून जाते. थंड हवा जड असल्यामुळे ती उतारांवरून घरंगळत खाली येते आणि सपाटीवर साचून राहते. डिसेंबरात झिरकपूरची रात्र सहा-सात अंशांवर येते, तर इतक्या उंचावरच्या शिमल्यात ती चार-पाच अंशांवर असते. बारा अंशांचे अंतर दोन-तीनांवर येऊन ठेपते. पुढे जानेवारीत मैदानावर दाट धुके दिवसचे दिवस बसून राहिले की सूर्यदर्शन होत नाही, आणि भर दुपारी खालचे लोक शेकोटीजवळ बसलेले असताना शिमल्याच्या रिज चौकात माणसे उन्हात बसलेली आढळतात. ‘डोंगर थंड, मैदान उबदार’ या समजुतीवर विसंबून जो नाताळात पंजाबात उतरतो, त्याची फसगत होते. शरद हा त्या उलटापालटीचा आरंभकाळ होय.

ऋतूचे मनुष्यव्यवहारही त्याप्रमाणे बेतलेले आहेत. आपल्याकडे तुळशीचे लग्न लागले की लग्नसराईला प्रारंभ होतो. तिकडे त्याच कार्तिकी एकादशीला ‘देवउठनी’ म्हणतात आणि झिरकपूरची विवाहस्थळे त्या दिवसापासून दिव्यांनी झगमगू लागतात. मांडव उघड्या हिरवळीवर पडतात, कारण नोव्हेंबरात तेथे पाऊस अगदी क्वचित येतो. तथापि ‘क्वचित’ म्हणजे ‘कधीच नाही’ असे नव्हे.

डोंगरात पडले, मैदानात आले

मोसमी वारे निघून गेल्यावर या प्रदेशात पाऊस येतो तो दुसऱ्याच दिशेने. भूमध्य समुद्राकडून इराण, अफगाणिस्तान ओलांडीत पूर्वेकडे सरकणाऱ्या हवेच्या लाटांना ‘पश्चिमी झंझावात’ असे म्हणतात. हिवाळ्यात गव्हाला पाऊस आणि शिखरांना बर्फ त्यांच्यामुळेच मिळते. शरदात ते अधूनमधून डोकावू लागतात. एरवी ते उपकारकच. पण परतणारा मोसमी ओलावा आणि असा झंझावात यांची हिमालयाच्या कुशीत गाठ पडली, की अनर्थ ओढवतो.

१९८८ सालच्या सप्टेंबरचा शेवटचा आठवडा पंजाबातील वडीलधारी माणसे विसरलेली नाहीत. पावसाळा संपत आला असे वाटत असताना डोंगरांत प्रचंड पाऊस झाला आणि सतलज, बियास यांच्या पुराने शेकडो गावे वेढली. २०१८ साली २२ ते २४ सप्टेंबरला हिमाचलात अतिवृष्टी झाली. लाहौलमध्ये वेळेआधीच बर्फ पडले आणि अडकलेल्या माणसांना हेलिकॉप्टरने आणावे लागले. त्याच दिवसांत खाली चंदीगडला सुखना तलावाचे दरवाजे उघडावे लागले. २०२१ साली तर १८-१९ ऑक्टोबरला, म्हणजे नवरात्रही उलटून गेल्यावर, कुमाऊँमधील मुक्तेश्वरला एका दिवसात ३४०.८ मिलिमीटर पाऊस झाला. तेथील नोंदी १८९७ सालापासूनच्या आहेत, आणि त्यांत एवढा पाऊस पूर्वी कधी आढळला नव्हता.

झिरकपूरचा या गोष्टींशी संबंध कसा येतो? घग्गर नदी शिवालिकच्या परिसरातील हिमाचलच्या डोंगरांत उगम पावते, पंचकुल्याजवळून वाहते, झिरकपूरच्या कडेने पंजाबात शिरते, पुन्हा हरियाणात जाते आणि अखेर राजस्थानच्या वाळूत लुप्त होते. प्राचीन सरस्वतीचे पात्र हेच, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. तिला बर्फाचे पाणी नाही, ती केवळ पावसावर जगते. म्हणून वर्षाचे आठ महिने ती ओढ्यासारखी दिसते आणि एका रात्रीत उग्र रूप धारण करते. शिवालिकातून उतरणाऱ्या अशा पावसाळी प्रवाहांना पंजाबीत ‘चो’ म्हणतात. त्यांपैकी सुखना चो अडवून १९५८ साली चंदीगडचा तलाव बांधला गेला. तलाव भरून दरवाजे उघडले की सोडलेले पाणी बलटाणा आणि झिरकपूर यांच्या मधूनच घग्गरला भेटायला जाते.

८-९ जुलै २०२३ रोजी चंदीगडला चोवीस तासांत ३२२.२ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा झिरकपूरच्या नव्या वस्त्यांना या जुन्या वाटांची आठवण झाली. पाण्याने कोणाचीही नवी वाट धरली नव्हती. ते आपल्याच पात्रातून गेले, परंतु तेथे आता घरे होती. २०२५च्या ऑगस्ट-सप्टेंबरात सतलज, बियास आणि रावी यांना पूर आले आणि पंजाब सरकारला राज्यातील सर्वच्या सर्व तेवीस जिल्हे पूरग्रस्त म्हणून जाहीर करावे लागले. त्या वेळीही पाऊस केवळ पंजाबात पडला नव्हता. वरच्या डोंगरांत पडलेले पाणी धरणे भरून खाली आले होते.

डोंगरातल्या पाण्याचा अंदाज मैदानात चुकला की काय होते, हे मराठी माणसाने फार पूर्वी एकदा अनुभवले आहे. झिरकपूरहून दिल्लीच्या रस्त्याने दक्षिणेस निघाले की अंबाला, कुरुक्षेत्र, कर्नाल आणि मग पानिपत लागते. १७६० सालच्या ऑक्टोबरात सदाशिवरावभाऊंनी यमुनाकाठचे कुंजपुरा जिंकले तेव्हा अब्दाली नदीच्या पलीकडच्या तीरावर होता. यमुनेला पूर होता आणि त्या पुरावर मराठी फौजेची बरीच भिस्त होती. पावसाळा सरला, पूर ओसरू लागला आणि ऑक्टोबर संपण्यापूर्वी अब्दालीने बागपताजवळ नदी ओलांडली. मराठ्यांचा दिल्लीशी असलेला मार्ग तुटला. पुढचे अडीच-तीन महिने उपासमारीत आणि आपल्या माणसांना सर्वस्वी अनोळखी अशा थंडीत गेले, आणि १४ जानेवारी १७६१ रोजी जे घडले ते सर्वांना ठाऊकच आहे. पराभवाची कारणे अनेक होती, आणि त्या कारणांच्या यादीत शरदातील ओसरत्या नदीलाही जागा द्यावी लागते.

भाताची घाई आणि धुराचे दिवस

आतापर्यंत आपण डोंगराने मैदानाला काय दिले ते पाहिले. मैदान डोंगराकडे काय धाडते, हेही पाहिले पाहिजे.

पंजाबात सुमारे तीस लाख हेक्टरांवर भात होतो. भूगर्भातील पाणी झपाट्याने खाली जाऊ लागल्यामुळे २००९ साली राज्याने कायदा केला, की ठरावीक तारखेपूर्वी भाताची लावणी करू नये. पाणी वाचविण्यासाठी हे आवश्यक होते. पण लावणी पुढे गेली तशी कापणीही पुढे गेली. गहू मात्र नोव्हेंबरच्या पूर्वार्धात पेरलेला बरा, नाही तर मार्चमधील उष्म्याने दाणा बारीक पडतो. मधे उरतात जेमतेम दोन-तीन आठवडे. यंत्राने कापणी केल्यावर शेतात गुडघ्याएवढी धसकटे आणि पेंढ्याच्या रांगा राहतात. मजूर लावून ते उचलणे महाग, आणि वाट पाहायला वेळ नाही. काडी ओढली की एका संध्याकाळी शेत मोकळे होते.

त्यातच ऑक्टोबरातला एखादा अवकाळी पाऊस या घाईत भर घालतो. बाजारात भाताच्या सरकारी खरेदीसाठी ओलाव्याची मर्यादा १७ टक्क्यांची आहे. कापून आणलेले भात रात्रीच्या सरीने भिजले, की शेतकऱ्याला आवारातच ढिगापाशी मुक्काम ठोकून ते पुन्हा वाळवावे लागते. शहरातल्या माणसाला सुखद वाटलेली ती सर त्याच्या पेरणीचे तीन-चार दिवस खाऊन जाते. आपल्याकडे हस्ताच्या पावसाची आळवणी चालू असताना तिकडचा शेतकरी तोच पाऊस न येवो म्हणून हात जोडीत असतो.

धूर वर जाऊन विरून गेला असता, तर प्रश्न एवढा बिकट नव्हता. पण शरदाची जी शांत, निरभ्र रात्र आपण वर वाखाणली, तीच येथे वैरीण होते. जमिनीलगत थंड हवा आणि तिच्यावर तुलनेने उबदार हवेचे झाकण अशी स्थिती निर्माण होते. धूर, वाहनांचा वाफारा आणि बांधकामांची धूळ त्या झाकणाखाली कोंडली जाते. दिवसा ऊन तापले की दऱ्यांतून वर चढणाऱ्या वाऱ्याबरोबर हा मळकट थर कालका, परवाणूच्या घाटाकडे सरकतो. कसौलीवरून खाली पाहणाऱ्याला मग मैदान दिसत नाही, दिसतो तो तपकिरी पडदा. आणि झिरकपूरच्या गच्चीवरून कसौली दिसेनाशी होते.

या बाबतीत काही सुधारणा झाली आहे, हे नमूद करणे न्याय्य ठरेल. उपग्रहांनी टिपलेल्या नोंदींप्रमाणे पंजाबात शेतांतील आगी २०२० सालच्या हंगामात ८३,००२ होत्या. २०२४ साली त्या १०,९०९ झाल्या. धसकटे न जाळता त्यांतूनच गहू पेरणारे ‘हॅपी सीडर’ यंत्र लुधियानाच्या कृषी विद्यापीठाच्या सहकार्याने विकसित झाले, आणि पेंढ्याचे गठ्ठे बांधून ते इंधनासाठी पुरविण्याची व्यवस्था वाढली. त्याचबरोबर काही संशोधकांनी असेही दाखवून दिले आहे, की उपग्रह डोक्यावरून निघून गेल्यानंतर, उशिरा दुपारी आगी लावण्याचे प्रमाण वाढले आहे. म्हणून केवळ आगींचा आकडा पाहून समाधान मानू नये; जळलेले क्षेत्रही मोजावे.

हवा खरोखर स्वच्छ झाली तर काय होईल, याचे प्रात्यक्षिक एकदा मिळाले आहे. २०२० सालच्या एप्रिलात, टाळेबंदीच्या दिवसांत, जालंधरच्या गच्च्यांवरून दूरची धौलाधारची हिमशिखरे दिसू लागली. तरुण पिढीने ती घरातून कधी पाहिलीच नव्हती.

प्रवाशाने काय पाहावे

दिवाळीच्या सुटीत आपण सहकुटुंब त्या बाजूला जाणार असाल, तर चार गोष्टी ध्यानात ठेवा. हिमाचलच्या मध्यम उंचीच्या भागासाठी, म्हणजे कसौली, सोलन, शिमला यांसाठी, ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा आणि त्यानंतरचे तीन आठवडे उत्तम. पाऊस पडून गेल्यामुळे दऱ्या हिरव्या असतात आणि दूरची बर्फाच्छादित शिखरे स्पष्ट दिसतात. शिमल्याला पानझडीचे रंग पाहू म्हणून जाल तर निराशा होईल, कारण तेथील देवदार आणि चीड बारमास हिरवे असतात. सोनेरी पाने पाहायची असतील तर लाहौलच्या खोऱ्यात विलो आणि पॉपलर यांच्या रांगा पाहाव्यात. ३ ऑक्टोबर २०२० रोजी अटल बोगदा खुला झाल्यापासून तेथे पोहोचणे सोपे झाले आहे. परंतु उंच खिंडींवर ऑक्टोबरातही बर्फ पडते, हे विसरू नये.

कालक्याहून शिमल्याला जाणारी छोटी आगगाडी १९०३ सालापासून चालते. ९६ किलोमीटरांच्या प्रवासात ती बोगद्यांमागून बोगदे ओलांडीत सुमारे चौदाशे मीटर चढते. मुले बरोबर असतील तर मोटारीपेक्षा तीच पत्करावी. उंचीबरोबर झाडे कशी पालटतात आणि खिडकीतून येणारा वारा कसा गार होत जातो, हे मुलांना शाळेतील धड्यापेक्षा तेथे अधिक चांगले समजते.

येताना घाटात सफरचंदांच्या मालमोटारींच्या रांगा लागतील. किन्नोरसारख्या उंच भागातील माल अगदी ऑक्टोबरपर्यंत उतरत असतो. तो परवाणू, झिरकपूरच्या बाजूने दिल्लीच्या आझादपूर बाजारात आणि तेथून पुढे आपल्या वाशीच्या बाजारापर्यंत येतो. पावसाने घाटात दरड कोसळली आणि रस्ता दोन दिवस बंद पडला, तर ते फळ मालमोटारीतच नासते. घरी फळांच्या टोपलीत सफरचंद ठेवताना गृहिणीला भाव का चढला याचे कोडे पडते. त्याचे उत्तर कधीकधी त्या डोंगराच्या अंदाजात असते.

अंदाज कसा वाचावा

अखेरीस अंदाजाच्या भाषेविषयी दोन शब्द. ऋतूचा अंदाज सांगताना हवामान खाते तीन कप्पे करते : सरासरीपेक्षा कमी, सरासरीइतका आणि सरासरीपेक्षा अधिक. यांपैकी कोणता कप्पा घडून येण्याचा संभव किती, एवढेच ते सांगते. ‘अधिक पावसाची शक्यता’ म्हणजे अमक्या दिवशी पाऊस पडेल असे नव्हे. त्यासाठी पाच-सात दिवसांचा अंदाज पाहावा; आणि घाट चढण्याच्या दिवशी हिरवा, पिवळा, नारिंगी, तांबडा यांपैकी कोणत्या रंगाचा इशारा आहे ते सकाळी तपासावे. नारिंगी असेल तर बेत लांबणीवर टाकण्यात कमीपणा नाही.

टक्केवारीने गोंधळून जाऊ नये. शरदात या भागात मुळात पाऊस थोडा पडतो. समजा, महिन्याची सरासरी वीस मिलिमीटर आहे आणि एकाच रात्रीत चाळीस मिलिमीटर पडला; तर ‘शंभर टक्के अधिक पाऊस’ अशी बातमी येते, जरी उरलेले तीस दिवस कोरडे ठणठणीत गेलेले असले. याउलट ‘सरासरीइतका’ म्हटलेला महिनाही एका वाईट दिवसाला पोटात घेऊन येऊ शकतो.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, केवळ आपल्या गावापुढची ओळ वाचून वृत्तपत्राचे पान उलटू नये. झिरकपुरात राहणाऱ्याने सोलन आणि सिरमौर यांची ओळही वाचावी, कारण घग्गरचे पाणी तेथून येणार आहे. शिमल्यास राहणाऱ्याने पंजाबच्या शेतांतला वारा कोणत्या दिशेचा आहे ते पाहावे, कारण धूर तेथून वर चढणार आहे. कृष्णाकाठच्या वाचकाने कोयना-महाबळेश्वरची ओळ वाचण्याची सवय ठेवली आहेच; तीच सवय सर्वत्र उपयोगी पडते.

हे वाचून आपण या शरदात झिरकपूरच्या वाटेने शिमल्यास निघालात, तर पिशवीत एक लोकरीचे पांघरूण, बरोबर एक दिवसाची फुरसत, आणि निघण्याच्या सकाळी डोंगर व मैदान या दोहोंचा अंदाज, एवढी शिदोरी पुरेशी आहे. पुणेकर वाचकांनी परत आल्यावर सिमला ऑफिसच्या चौकातून जाताना क्षणभर मनोऱ्याकडे मान वर करून पाहावे. आपण नुकतीच उपभोगलेली ती थंडी येईल की नाही, याचा विचार कित्येक आठवडे आधी येथेच सुरू झालेला होता.